मत्सराची भिंत आणि मलिंगरचें मैदान

आयर्लंडला जाणाऱ्या प्रवाशास जो तो समुद्राकडे धाडतो. पश्चिमेचे उंच कडे पाहा, केरीचे डोंगर पाहा, आणि गोल्फची आवड असेल तर बॅलिबनियन किंवा लाहिंच येथील वाळूच्या टेकड्यांवर एक तरी दिवस घालवा, असा सल्ला पावलोपावलीं मिळतो. सल्ला खोटा नाहीं. त्या मैदानांची कीर्ति जगभर आहे आणि तेथें खेळावयास दूरदूरच्या देशांतून मंडळी येत असतात. परंतु एखाद्या घराची खरी ओळख दिवाणखान्यांत होत नाहीं, माजघरांत होते, हें आपल्या वाचकभगिनींस सांगावयास नको. आयर्लंडचें माजघर म्हणजे समुद्रापासून दूर असलेला त्याचा मधला सखल मुलूख. तेथें प्रवासी क्वचितच थांबतो. तेथील गोल्फचीं मैदानें परक्या पाहुण्यांच्या पैशावर उभीं नाहींत. गांवचा डॉक्टर, शिक्षक, शेतकरी, दुकानदार, बँकेंतील कारकून अशा सभासदांच्या वर्गणीवर तीं चालतात. असेंच एक मैदान मलिंगर या गांवीं मला निवांतपणें पाहावयास मिळालें. त्या मैदानाच्या शेजारीं एक जुनी भिंतहि पाहिली. या दोहोंविषयीं चार शब्द लिहावे, असें तेव्हांपासून मनांत होतें. कारण दोहोंच्या पोटांतील प्रश्न एकच आहे, आणि तो आपल्या एकत्र कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा आहे.

मलिंगर हें वेस्टमीथ परगण्याचें मुख्य गांव. डब्लिनपासून तें पश्चिमेस सुमारें पन्नास मैलांवर आहे. १८०६ सालीं येथवर रॉयल कालवा आला आणि १८४८ सालीं आगगाडी आली. कालवा अजून गांवाला कमरपट्ट्यासारखा वेढून आहे. आतां त्यांतून मालाच्या नावा जात नाहींत, कांठाकांठानें लोक फिरावयास जातात. १९३६ सालीं बांधून झालेल्या कॅथीड्रलचे दोन मनोरे दिसूं लागले, कीं गांव आलें असें समजावें. सभोंवार चुनखडीच्या जमिनीवर वाढलेलें दाट गवत, आणि त्या गवतावर चरणारीं गुरें. मलिंगरची कालवड ही तर या देशांत धष्टपुष्टपणाची उपमाच होऊन बसली आहे. हें गवत पावसाचें देणें आहे. पुण्यास वर्षाकांठीं सुमारें सातशें मिलिमीटर पाऊस पडतो, तो बहुतेक चार महिन्यांत. मलिंगरला सुमारें साडेनऊशें मिलिमीटर पडतो, पण तो बाराहि महिने, थोडा थोडा. आपला पाऊस पाहुण्यासारखा वाजतगाजत येतो. तेथील पाऊस घरच्या माणसासारखा केव्हांहि येतो आणि जातो, व त्याचें कोणास कांहीं वाटत नाहीं.

माझा पुतण्या या भागांतील एका रुग्णालयांत डॉक्टर आहे. त्याच्या व सूनबाईच्या आग्रहावरून मी तीन आठवडे तेथें राहिलों. आयर्लंडांत मराठी माणूस आतां नवलाचा राहिलेला नाहीं. मालवण तालुक्यांतील वराड गांवाहून गेलेल्या एका डॉक्टरांचे चिरंजीव लिओ वराडकर हे २०१७ ते २०२० आणि पुनः २०२२ ते २०२४ असे दोनदां त्या देशाचे पंतप्रधान झाले, हें वाचकांस स्मरत असेलच. माझा पुतण्या आणि सूनबाई या उभयतांनीं मात्र राजकारणाऐवजीं गोल्फ जवळ केला आहे. रविवारीं सकाळीं, “काका, तुम्ही नुसते बरोबर चला, चार-पांच मैलांचें फिरणें होईल,” असें म्हणून तीं मला मैदानावर घेऊन जात, आणि मी हातांत छत्री घेऊन त्यांच्या मागोमाग चालत असें.

गोल्फ म्हटला, कीं आपल्याकडे छावणी, साहेब आणि बंगला आठवतो. तें स्वाभाविक आहे. कलकत्त्यास १८२९ सालीं आणि मुंबईस १८४२ सालीं गोल्फचे क्लब निघाले होते. आयर्लंडांतील सर्वांत जुना क्लब, बेलफास्टचा, १८८१ सालचा. म्हणजे हा खेळ आयर्लंडांत नीट रुजण्यापूर्वीं कितीतरी वर्षें आपल्या मुंबईंत खेळला जात होता. परंतु आपल्याकडे तो कुंपणाच्या आंत राहिला. नाशिकास तर ‘गोल्फ क्लब मैदान’ हें नांव मागें राहिलें आणि लोक तेथें क्रिकेट खेळूं लागले. आयर्लंडांतहि गोल्फ आणला तो पलटणींनीं, जमीनदारांनीं आणि आगगाडीनें. पण १९२२ सालीं स्वराज्य आलें तेव्हां तो साहेबांबरोबर निघून गेला नाहीं. तेथील देशी खेळांच्या राष्ट्रीय संस्थेनें आपल्या सभासदांस कांहीं ‘परके’ खेळ खेळण्याची १९७१ पर्यंत मनाई केली होती. रग्बी, सॉकर, हॉकी आणि क्रिकेट हे ते खेळ. गोल्फ त्या यादींत नव्हता. त्यामुळें हर्लिंग खेळणारा शेतकऱ्याचा मुलगाहि संध्याकाळीं निर्धास्तपणें गोल्फची काठी हातांत घेऊं शके. आज त्या लहानशा बेटावर सुमारें चारशें गोल्फ क्लब आहेत.

आतां भिंतीकडे वळूं. गांवाच्या दक्षिणेस थोड्या मैलांवर लॉक एनेल नांवाचें सरोवर आहे. लॉक म्हणजे सरोवर. त्याच्या कांठीं एका ठिकाणाचें नांव लिलिपुट आहे. गलिव्हरची गोष्ट आपण सर्वांनीं बालपणीं वाचली आहे. तिचा कर्ता जोनाथन स्विफ्ट १७२१ सालीं या परिसरांतील गॉल्स्टाउन येथें रॉचफर्ट घराण्याच्या वाड्यांत पाहुणा म्हणून राहिला होता. या श्रीमंत घराण्यांत त्या वेळीं लहान असलेला रॉबर्ट हा पुढें बेल्व्हेडिअरचा अर्ल झाला. सुमारें १७४० सालीं त्यानें सरोवराच्या कांठीं उतरणीवर एक सुरेख प्रासाद बांधला. त्याचेंच नांव बेल्व्हेडिअर.

रॉबर्टनें १७३६ सालीं मेरी मोल्सवर्थ नांवाच्या सोळा वर्षांच्या मुलीशीं विवाह केला होता. १७४३ सालीं, आपल्या धाकट्या भावाशीं, आर्थरशीं, तिचा अनुचित संबंध आहे असा संशय त्याच्या मनांत शिरला. त्यानें पत्नीस गॉल्स्टाउनच्या वाड्यांत कोंडून ठेविलें. एक-दोन वर्षें नव्हे, एकतीस वर्षें. १७७४ सालीं रॉबर्ट वारला, तेव्हांच मुलानें आईस बाहेर काढिलें. आपण निर्दोष आहों असें ती अखेरपर्यंत सांगत होती, असें म्हणतात. आर्थर प्रथम परदेशीं पळाला. परत आल्यावर त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा लागला, ती रक्कम भरण्याचें सामर्थ्य नसल्यामुळें तो कर्जदारांच्या तुरुंगांत पडला आणि तेथेंच मेला. राहिला तिसरा भाऊ जॉर्ज. त्यानें शेजारींच बेल्व्हेडिअरहूनहि मोठें घर बांधलें. तें घर आपल्या खिडकींतून दिसूं नये म्हणून रॉबर्टनें सुमारें १७६० सालीं मध्यें एक प्रचंड भिंत उभारली. ती भिंत म्हणून ओळखूं येऊं नये, जुन्या मठाचा पडका अवशेष वाटावा, अशा रीतीनें तिला कमानीच्या खिडक्या ठेवून ती मुद्दाम भग्न बांधविली. लोक तिला ‘मत्सराची भिंत’ म्हणतात. तें नांव आज सरकारी पाटीवरहि आहे.

मीं ती भिंत दोनदां पाहिली. पहिल्यांदां पाहिली तेव्हां तिची कारागिरी पाहून कौतुक वाटलें. दुसऱ्यांदां कथा माहीत झाली होती. तेव्हां तिच्या रिकाम्या खिडक्यांतून पलीकडे पाहावेंसें वाटेना. आपल्याकडेहि असे वाडे आहेत, ज्यांच्या चौकांतून वांटणीची भिंत गेली आहे; तुळशीवृंदावन एका भावाकडे आणि विहीर दुसऱ्याकडे. आपल्या भिंती साध्या मातीविटांच्या असतात, त्यांस कमानी नसतात, इतकाच फरक. त्या प्रासादाचें पुढें भलेंहि झालें. तेथील शेवटच्या धन्यांपैकीं कर्नल हॉवर्ड-ब्युरी हा १९२१ सालीं दार्जिलिंगहून तिबेटमार्गें एव्हरेस्टच्या पहिल्या पाहणीस गेलेल्या मोहिमेचा नायक होता. १९८२ सालीं वेस्टमीथच्या परगणा-मंडळानें ती मिळकत विकत घेतली. आतां तेथें मुलें बागडतात आणि पर्यटक भिंतीपुढें उभे राहून छायाचित्रें काढतात.

याच बेल्व्हेडिअरच्या परिसरांत मलिंगर गोल्फ क्लबाचें मैदान आहे. क्लब १८९४ सालचा. योगायोग असा, कीं त्याच सालीं लॉक एनेलमध्यें सव्वीस पौंडांहून अधिक वजनाचा एक ट्राउट मासा गळाला लागला, आणि आयर्लंडच्या सरोवरांतील तो विक्रम अद्याप लोक अभिमानानें सांगतात. सध्यांचें मैदान मात्र १९३७ सालीं खुलें झालें. त्याची आंखणी जेम्स ब्रेड या स्कॉटिश माणसानें केली. ब्रेडचा जन्म १८७० सालचा. तो मूळचा सुतारकाम शिकलेला. पुढें गोल्फमध्यें त्यानें ब्रिटनची खुली स्पर्धा १९०१, १९०५, १९०६, १९०८ आणि १९१० अशी पांच वेळां जिंकली, आणि उतारवयांत शेंकडों मैदानें आंखून दिलीं. त्याला बोट इतकी लागत असे, कीं तो समुद्रप्रवास शक्य तितका टाळी. म्हणून त्याच्या हातचीं बहुतेक मैदानें ब्रिटनमध्येंच आहेत. आयर्लंडपर्यंतची खाडी तेवढी त्यानें ओलांडली, हें मलिंगरचें भाग्य.

समुद्रकांठचें मैदान आणि हें मैदान यांत फार अंतर आहे. तिकडे वाळू, वारा आणि खुरटें गवत. झाड औषधालाहि नाहीं. इकडे जमीनदारांच्या जुन्या उपवनांचा थाट. दोन्ही बाजूंस बीच, ओक, चेस्टनट यांचे जुने वृक्ष, मध्यें कापलेल्या गवताच्या रुंद पट्ट्या, आणि पावसानें मऊ झालेली जमीन. ज्या ओट्यावरून पहिला फटका मारावयाचा त्यास ‘टी’ म्हणतात. कापलेल्या पट्टीस ‘फेअरवे’, कडेच्या उंच गवतास ‘रफ’, वाळूच्या खड्ड्यास ‘बंकर’, आणि शेवटीं जेथें सवाचार इंच रुंदीच्या भोंकांत चेंडू घालावयाचा त्या गालिच्यासारख्या हिरवळीस ‘ग्रीन’. अशीं अठरा भोंकें संपवितां चार तास जातात. ब्रेडनें येथें जमिनीचे मूळचे उंचवटे तसेच ठेविले आणि हिरवळी त्यांवर बसविल्या. त्यामुळें जवळचें म्हणून सोपें वाटणारें भोंकच अधिक अवघड होतें. चेंडू हिरवळीच्या कडेवर पडला तर उतरणीवरून घरंगळत वाळूंत जातो. सुताराच्या हाताला काटकसर असते. लांकूड वांकडें असेल तर तें वांकडेपणासकट कोठें बसवावें, हें त्याला कळतें.

खेळापेक्षां मला अधिक रस वाटला तो त्याच्या हिशेबांत. आमच्या मागच्या चौकडींत एक एकूणऐंशी वर्षांचे निवृत्त शाळामास्तर, एक दूधदुभत्याचा धंदा करणारा शेतकरी, एक वकीलीणबाई आणि एक सतरा वर्षांचा मुलगा असे चौघे खेळत होते. त्या मुलाचा चेंडू अडीचशें यार्ड जाई, मास्तरांचा शंभर-सव्वाशें. मीं पुतण्याला विचारलें, “यांत स्पर्धा ती कसली?” त्यानें मला हँडिकॅपची पद्धत समजावून सांगितली. प्रत्येक खेळाडूच्या शेवटच्या वीस डावांतील उत्तम आठ डाव घेऊन त्याची शक्ति आंकड्यांत मांडतात, आणि तेवढे फटके त्याला सवलत म्हणून देतात. ही सवलत जास्तींत जास्त चौपन्न असते. जगभर एकच असलेला हा नियम आयर्लंडांत २०२० च्या नोव्हेंबरांत लागू झाला. मूळ कल्पना मात्र फार जुनी आहे. त्यामुळें मास्तरांना त्या मुलाशीं खेळावयाचें नसतें, स्वतःच्या ठरलेल्या मापाशीं खेळावयाचें असतें. आणि त्या दिवशीं दोघांपैकीं जो आपल्या मापाहून चांगला खेळेल तो जिंकतो. मला आपल्या आजीचा वाढण्याचा हात आठवला. ती पंक्तींत सर्वांना सारखें वाढीत नसे; ज्याला जेवढें पचेल तेवढें वाढी, आणि तरीहि पंक्तींत कोणाला पंक्तिप्रपंच वाटत नसे.

दुसरी गंमत गुणांची. आयर्लंडांतील क्लबांत आठवड्याच्या स्पर्धा बहुधा स्टेबलफर्ड पद्धतीनें होतात. फ्रँक स्टेबलफर्ड या इंग्रज डॉक्टरनें ती १९३२ सालीं लिव्हरपूलजवळच्या आपल्या क्लबांत रूढ केली. पूर्वीं सगळे फटके मोजीत. एका भोंकावर दहा-बारा फटके लागले, कीं साऱ्या दिवसाचा विचका होई. डॉक्टरनें ठरविलें, कीं प्रत्येक भोंकाचे गुण वेगळे द्यावे. ठरल्याप्रमाणें खेळलें तर दोन, एक फटका कमी लागला तर तीन, एक अधिक लागला तर एक, आणि त्याहून वाईट असेल तर शून्य. शून्याखालीं कोणी जात नाहीं. वाईट भोंक तेवढ्यापुरतें संपतें. पुढच्या ओट्यावर माणूस नव्यानें उभा राहतो. घरांतील भांडणांचा हिशेब असा ठेवतां आला तर किती घरें वांचतील!

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या खेळांत पंच नसतो. दाट रफमध्यें माणूस एकटाच चेंडू शोधीत असतो. पायानें किंचित् ढकलला तर कोण पाहणार? त्याचे गुण तो स्वतः लिहीत नाहीं. त्याचा सोबती लिहितो आणि तो सोबत्याचे लिहितो. डाव संपल्यावर दोघेहि त्या पत्रिकेवर सही करतात. आपल्या हिशेबाची वही भावाच्या हातीं, आणि भावाची आपल्या हातीं. चेंडू हलला असें स्वतःच सांगून दंडाचा एक फटका आपल्या नांवावर लिहवून घेणारा तो सतरा वर्षांचा मुलगा मीं डोळ्यांनीं पाहिला. कोणी त्याची वाहवा केली नाहीं. वाहवा करण्यासारखें त्यांत कांहीं आहे, असें कोणास वाटलेंच नाहीं.

क्लबाचा कारभारहि असाच सामाईक असतो. दरवर्षीं सभासद आपल्यांतून एक कर्णधार निवडतात. त्याला पगार नाहीं. मान आहे आणि काम आहे. वर्षांतील एक दिवस त्याच्या बक्षिसाचा असतो, आणि त्या दिवसाची वाट लोक आपल्याकडे गणेशचतुर्थीची पाहावी तशी पाहतात. बैठकीच्या दालनांत लांकडी फळ्यांवर आजवरच्या कर्णधारांचीं नांवें सोनेरी अक्षरांत लिहिलेलीं असतात. एखादा सभासद वारला, तर त्याच्या अंत्ययात्रेस क्लबाचे लोक रस्त्याच्या दोहों बाजूंस रांगेनें उभे राहतात. हा रिवाज ऐकून माझ्या मनांत आलें, कीं हा नुसता खेळाचा अड्डा नव्हे; गोत्र नसलेलें गोत आहे.

परंतु सामाईक मिळकतीचें दुखणें असतें, तें येथेंहि आहे. हिरवळीवरील गवत हंगामांत तीन-चार मिलिमीटरांवर ठेवावें लागतें. त्यासाठीं माळ्यांस पहाटेपासून यंत्रें चालवावीं लागतात. चिकण जमिनींतील पाणी काढून देण्यासाठीं चर आणि नळ घालावे लागतात, नाहींतर हिवाळ्यांत अर्धें मैदान चिखलाचें होतें. २००८ पूर्वींच्या भरभराटीच्या दिवसांत त्या देशांत अनेक क्लबांनीं कर्जें काढून मोठमोठ्या इमारती बांधल्या. मग आर्थिक अरिष्ट आलें, सभासद घटले, आणि कर्ज तेवढें राहिलें. कांहीं क्लब बंदहि पडले. मोठ्या सांथीच्या काळांत, २०२० व २०२१ मध्यें, मैदानांस महिनोन् महिने कुलूप होतें. तें उघडल्यावर मात्र मोकळ्या हवेसाठीं आसुसलेलीं तरुण माणसें मोठ्या संख्येनें गोल्फकडे आलीं. झाडांनाहि रोग आहे. ॲश नांवाचा वृक्ष, ज्याच्या लांकडाची हर्लिंगची काठी होते, त्याला सुकविणारी बुरशी आयर्लंडांत प्रथम २०१२ सालीं आढळली, आणि आतां ती देशभर पसरली आहे. मास्तरांनीं एका वठलेल्या ॲशकडे बोट दाखवून मला म्हटलें, “याच्या जागीं आम्हीं ओक लावला आहे. त्याच्या सावलींत मी बसणार नाहीं. पण हा पोरगा बसेल.” आंबा लावणाऱ्या आपल्या आजोबांचेंच तें बोलणें, भाषा तेवढी निराळी.

या सामाईक घरांत एक मोठी उणीव दीर्घकाळ होती, ती सांगितल्यावांचून हें चित्र पुरें होणार नाहीं. ती उणीव स्त्रियांची. आयर्लंडच्या पुरुषांची गोल्फ संघटना १८९१ सालीं निघाली. ती जगांतील सर्वांत जुनी. स्त्रियांनीं दोनच वर्षांनीं, १८९३ सालीं, आपली वेगळी संघटना काढली. स्त्रिया खेळत, पण बहुतेक क्लबांत त्या ‘सहयोगी’ असत. वर्गणी थोडी, खेळण्याचे दिवस ठराविक, आणि वार्षिक सभेंत मत नाहीं. शेजारच्या परगण्यांतील एका क्लबाच्या वृद्ध सभासदबाई मला म्हणाल्या, “आम्हीं केक भाजले, देणग्या जमविल्या, पडद्यांचें कापड निवडलें. पण छप्पर दुरुस्त करावयाचें कीं नाहीं, हें ठरवितांना आम्हांला कोणी विचारलें नाहीं.” त्या हें हंसत हंसत म्हणाल्या, परंतु तें हंसू मला परकें वाटलें नाहीं. आपल्याकडच्या किती घरांत सगळें घर जिच्या खांद्यावर उभें आहे, तिची सही कोणत्याहि कागदावर नसते!

२००० सालच्या समानतेच्या कायद्यानें या रूढीस पहिला मोठा धक्का दिला. तरीहि डब्लिनजवळच्या पोर्टमार्नक क्लबानें स्त्रियांस सभासद न करण्याचा आपला हक्क सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढविला, आणि २००९ सालीं तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानें निकाल क्लबाच्या बाजूनें लागला. कायद्यानें जें झालें नाहीं तें पुढें मनानें झालें. १ जानेवारी २०२१ पासून पुरुषांची व स्त्रियांची अशा दोन्ही राष्ट्रीय संघटना मिळून एक झाल्या, आणि त्याच वर्षीं पोर्टमार्नकच्या सभासदांनीं स्वतः मत देऊन स्त्रियांस दार उघडलें. त्याच वर्षीं कॅव्हन परगण्यांतील लिओना मग्वायर ही युरोपच्या संघांतून सॉल्हाइम चषकासाठीं खेळणारी पहिली आयरिश स्त्री ठरली. समुद्रकांठच्या नामांकित मैदानावर नव्हे, अशाच मधल्या मुलुखांतील हिरवळीवर ती वाढली. आमच्या सूनबाई पूर्ण सभासद आहेत. सभेस जातात, हिशेब मागतात, आणि चर खणण्याच्या खर्चाबद्दल नवऱ्याच्या विरुद्ध मतहि देतात. “घरीं त्याचें काय होतें?” असें मीं विचारलें. “कांहीं नाहीं, काका,” पुतण्या म्हणाला, “पाऊस पडला आणि तिचें खरें ठरलें.”

त्या तीन आठवड्यांत भिंत आणि मैदान यांचा विचार माझ्या मनांतून गेला नाहीं. दोन्ही एकाच मातीवर उभीं आहेत. एक रॉचफर्ट भावांनीं भोगलें. त्यांच्यापाशीं जमीन होती, पैसा होता, सरोवर होतें, आणि एवढें असून एकमेकांचें घर डोळ्यांसमोर नको होतें. दुसरें कांहीं शें माणसांनीं धरून ठेविलें आहे. त्यांचें परस्परांशीं रक्ताचें नातें नाहीं, श्रीमंती बेताची, मतभेद पुष्कळ. तरी तें टिकलें. याचें कारण त्यांचे स्वभाव आपल्याहून निर्मळ आहेत असें नव्हे. सभेंत तेहि कडाडून भांडतात, असें पुतण्यानें सांगितलें. पण त्यांनीं कांहीं गोष्टी ठरवून टाकल्या आहेत. दुर्बळास सवलत द्यावयाची, आणि ती दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून. वाईट दिवसाचा हिशेब त्या दिवसापुरता ठेवावयाचा. आपली वही दुसऱ्याच्या हातीं द्यावयाची. अधिकार एक वर्ष भोगून दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचा. आणि फार उशिरा कां होईना, पण घरांत ज्या राबतात त्यांना मत द्यावयाचें.

आपल्या एकत्र कुटुंबांविषयीं आज पुष्कळ निराशेचें बोललें जातें. शहरांतील जागा लहान, नोकऱ्या दूर, मनें आंखडलेलीं. आतां तीं टिकावयाचीं नाहींत, असें म्हणतात. सगळींच टिकतील असें मीहि म्हणत नाहीं. परंतु जीं मोडलीं, तीं प्रेम आटल्यामुळें मोडलीं असें आपण सहज बोलून जातों. मला वाटतें, पुष्कळशीं हिशेब न दाखविल्यामुळें मोडलीं. एकानेंच कर्णधारपण जन्मभर न सोडल्यामुळें मोडलीं. आणि स्वयंपाकघरांतील माणसांस सभेंत न बोलावल्यामुळें मोडलीं. प्रेम असावें हें खरेंच. पण प्रेमालाहि रोजची निगा लागते, आणि ती कोणीं कोणत्या वारीं करावयाची हें आधीं ठरलेलें बरें.

मत्सराची भिंत एकदां बांधली ती अडीचशें वर्षांहून अधिक काळ उभी आहे. मैदानाचें तसें नाहीं. तेथें हंगामांत गवत रोज वाढतें, आणि तें रोज पहाटे कोणाला तरी कापावेंच लागतें.